हाकेला ओ देणारी यंत्रे

चुलीवर दूध तापत ठेवून गृहिणीला दुसरे काही काम उरकावयाचे असते, तेव्हा तिच्यापुढे दोन मार्ग असतात. दुधाशेजारी उभे राहून त्याजकडे टक लावून पाहणे हा एक; आणि हातातले काम करता करता मधून मधून मान वळवून पाहणे हा दुसरा. पहिल्या मार्गाने दुसरे काम होत नाही, आणि दुसऱ्या मार्गाने दूध नेमके मान वळलेली नसताना उतू जाते, हा अनुभव घरोघरचा आहे. पुढे शिट्टीचे भांडे आले आणि ही पंचाईत बरीचशी मिटली. लक्ष ठेवण्याचे काम गृहिणीकडून भांड्याकडे गेले. भांडे आपणहून हाक मारते. हाक येईपर्यंत ती भाजी चिरावयास मोकळी असते. आणि हाक आली म्हणजे काय करावयाचे, हे तिचे आधीच ठरलेले असते.

संगणकाच्या इतिहासात घडलेले एक मोठे स्थित्यंतर नेमके याच जातीचे आहे. यंत्रात किंवा यंत्राबाहेर जे काही घडते, म्हणजे कळ दाबली जाते, निरोप येतो, घड्याळाचा ठोका पडतो, त्या प्रत्येकाला त्या शास्त्रात 'घटना' म्हणतात. अमुक घटना घडली म्हणजे कळवावे, असे जी आज्ञावली आधी सांगून ठेवते तिला 'श्रोता' हे नाव आहे. आणि कळविण्याच्या वेळी जो आज्ञांचा तुकडा चालवावयाचा, तो आपला पत्ता मागे ठेवून गेलेला असतो, म्हणून त्याला 'कॉलबॅक', म्हणजे उलट हाक, असे म्हणण्याची चाल पडली. नभोवाणीच्या श्रोत्याहून हा श्रोता एका बाबतीत मात्र निराळा आहे. तो कान देऊन बसत नाही. तो खुशाल झोपी जातो, आणि त्याला उठविण्याची जबाबदारी बोलणाऱ्यावर असते.

इसवी सन १९५० च्या आसपासची गणकयंत्रे एकमार्गी होती. एक आज्ञा झाली की पुढची, ती झाली की त्यापुढची, यापलीकडे त्यांना काही ठाऊक नसे. यंत्र सेकंदात शेकडो-हजारो बेरजा करी. परंतु त्याला जोडलेले टंकयंत्र सेकंदाला जेमतेम दहाएक अक्षरे उमटवी. एक अक्षर कागदावर उमटेपर्यंत यंत्राने करावयाचे काय? तर 'झाले का? झाले का?' असे टंकयंत्राला विचारीत राहावयाचे. मोठ्या मोलाचे यंत्र आपल्या वेळेचा बराच भाग या विचारपुशीत दवडी. यावर उपाय म्हणून, बाहेरून संकेत आल्याबरोबर चालू काम थांबवून दुसरे हाती घ्यावयाचे आणि ते संपताच पूर्वीच्या कामाकडे परतावयाचे, अशी सोय काही यंत्रांत होऊ लागली. वॉशिंग्टन येथील नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्स या संस्थेच्या डायसिअक नावाच्या यंत्रात ती १९५४ साली होती. विमानविद्येच्या प्रयोगांत वातबोगद्यातून येणारी मोजमापे टिपण्यासाठी युनिव्हॅक ११०३ या यंत्रालाही लवकरच तशी जोड मिळाली. या सोयीला इंग्रजीत इंटरप्ट म्हणतात. मराठीत व्यत्यय म्हणावयास हरकत नाही.

सोय मोठी होती, पण तिच्या पोटात एक संकट दडलेले होते. ते ज्याने आधी भीतीपोटी आणि मग विचारपूर्वक ओळखले, तो मनुष्य हॉलंडातला. एडस्गर डायक्स्ट्रा यांचा जन्म १९३० साली रॉटरडॅम येथे झाला. भौतिकशास्त्राचा अभ्यास चालू असतानाच १९५२ साली ते अॅम्स्टरडॅमच्या गणित केंद्रात प्रोग्रॅमर म्हणून रुजू झाले. हा धंदा तेव्हा इतका अपरिचित होता की, १९५७ साली विवाहाच्या नोंदीत त्यांनी तो लिहिला तेव्हा नगरपालिकेच्या अधिकाऱ्यांनी असा कोणताही व्यवसाय नाही म्हणून तो नाकारला, आणि अखेर 'सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ' असे लिहून वेळ निभवावी लागली. पुढे १९७२ साली ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात त्यांनी हा किस्सा स्वतःच सांगितला आहे.

त्या केंद्रात यंत्र बांधणारे दोघे होते, ब्राम लोपस्ट्रा आणि कारेल स्कोल्टेन. आणि त्या यंत्राला लागणाऱ्या आज्ञावलीचे काम डायक्स्ट्रा यांच्याकडे होते. एक्स-१ या नव्या यंत्राची आखणी अर्ध्यावर आली असताना, १९५७ च्या सुमारास, या दोघांनी व्यत्ययाची कल्पना त्यांच्यापुढे मांडली. कोणालाही वाटावे की तरुण प्रोग्रॅमरने ती आनंदाने उचलून धरली असेल. प्रत्यक्षात ते घाबरून गेले, आणि तसे त्यांनी आपल्या आठवणींत मोकळेपणाने लिहूनही ठेविले आहे.

या भीतीचे कारण समजून घेण्याजोगे आहे. तोवरच्या यंत्रांचा एक मोठा गुण असा होता की, तीच आज्ञावली त्याच आकड्यांवर दहा वेळा चालविली तर दहाही वेळा तेच आणि त्याच क्रमाने घडे. चूक असली तर तीही दहा वेळा त्याच जागी भेटे, आणि म्हणून सापडे. व्यत्यय आला की हा गुण गेला. टंकयंत्राची हाक आज्ञावलीच्या कोणत्या पायरीवर येईल, हे त्याच्या चक्रांवर आणि तेलपाण्यावर अवलंबून. आज शंभराव्या पायरीवर, तर उद्या एकशेएकाव्या. एकशेएकाव्या पायरीवर हाक आली तरच प्रकट होणारी चूक वर्षातून एकदा दिसेल, आणि तिचा शोध घेऊ जाता ती पुन्हा दर्शन देणार नाही. आज्ञावलीत आपल्या हातून चूक राहिली तर ती ओळखावयाची कशी, हा डायक्स्ट्रा यांचा प्रश्न होता, आणि त्याला उत्तर नव्हते.

तीन महिने त्यांनी हा निर्णय लांबणीवर टाकला. अखेर लोपस्ट्रा आणि स्कोल्टेन यांनी त्यांच्या बुद्धीची स्तुती करून त्यांचा विरोध मोडून काढला. स्तुतीने मोठमोठी माणसे विरघळतात. या प्रसंगी मात्र त्यातून जगाचे कल्याण झाले. चूक शोधून काढता येणार नसेल, तर ती मुळात होऊच नये अशी व्यवस्था केली पाहिजे, आणि ती होणार नाही हे यंत्र चालवून नव्हे, तर तर्काने सिद्ध करून दाखविले पाहिजे, अशा निश्चयाने त्यांनी काम सुरू केले.

पहिला प्रश्न अगदी साधा होता. लांबलचक बेरीज करीत बसलेल्या कारकुनाला कोणी मध्येच हाक मारली, तर उठण्यापूर्वी त्याने काय काय टिपून ठेविले पाहिजे? बोट कोणत्या ओळीवर होते ते. त्या ओळीपर्यंत बेरीज किती झाली ते. आणि हातचा किती होता तो. यातले एक जरी विसरले तरी परत आल्यावर बेरीज चुकणार, आणि विशेष म्हणजे चुकली आहे हे त्याला कळणारही नाही. यंत्राचेही तसेच. व्यत्ययाच्या क्षणी यंत्राच्या पोटात जे काही अर्धवट स्थितीत असेल, ते सर्व जपून ठेवावयाचे आणि जसेच्या तसे परत मांडावयाचे. बोलावयास हे सोपे. परंतु टिपून ठेवीत असतानाच दुसरी हाक आली तर? परत मांडता मांडता आली तर? कोणत्या क्षणी हाकेला दार बंद ठेवावयाचे आणि कोणत्या क्षणी उघडावयाचे? डायक्स्ट्रा यांनी बंदोबस्ताची अशी रीत बसविली की, हाक कोणत्याही क्षणी येवो, मूळ काम बिनचूक पुढे चालेल, हे सिद्ध करता यावे. या विषयावरच त्यांनी १९५९ साली अॅम्स्टरडॅम विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली. पुढे कित्येक वर्षे इतरांच्या यंत्रांच्या आराखड्यांत याच ठिकाणच्या चुका त्यांना आढळत राहिल्या, असेही त्यांनी नमूद केले आहे.

त्याच एक्स-१ यंत्रासाठी १९६० साली त्यांनी आणि याप झोनेव्हेल्ड यांनी आल्गोल-६० या नव्या भाषेचा भाषांतरकार तयार केला. त्या भाषेत एका कार्यपद्धतीच्या हाती दुसरी कार्यपद्धती सोपविता येई. 'हे काम कर, आणि वेळ येईल तेव्हा हिला बोलाव' असे सांगण्याची सोय होती. व्यत्ययाची यांत्रिक हाक आणि भाषेतली ही सोपविण्याची रीत, असे उलट हाकेचे दोन धागे एकाच खोलीत जवळजवळ आले होते. त्यांची गाठ पडावयास मात्र अजून बराच अवधी होता.

१९६२ साली डायक्स्ट्रा आइंडहोवन येथील तंत्रविद्यालयात प्राध्यापक झाले. तेथे एक्स-८ या यंत्रावर अनेक आज्ञावल्या एकाच वेळी नांदविणारी जी व्यवस्था त्यांनी सहकाऱ्यांसह उभारली, तिचे वर्णन १९६८ साली प्रसिद्ध झाले. अनेक कामे एकाच वेळी चालू असली म्हणजे एकाच वस्तूवर दोघांचा हात पडण्याचा प्रसंग येतो. तो टाळण्यासाठी त्यांनी जी युक्ती काढली तिला सेमाफोर म्हणतात. हा शब्द रेल्वेचा. 'सिग्नल पडला' असे ज्या हाताच्या खांबाकडे पाहून लोक म्हणत, तोच हा. या युक्तीतल्या दोन क्रियांना त्यांनी दिलेली पी आणि व्ही ही अक्षरेही जाणे आणि मोकळे करणे या अर्थाच्या डच शब्दांची आद्याक्षरे असून रेल्वेच्या परिभाषेतून आलेली आहेत. एका कामाने खांबापाशी येऊन थांबावयाचे, आणि दुसऱ्याने वाट मोकळी केली म्हणजे पुढे जावयाचे. थांबलेला 'झाले का' म्हणून विचारीत नाही. तो निजतो, आणि मोकळे करणारा त्याला जागे करतो. यंत्राच्या व्यत्ययांचा गोंगाट सर्वांत खालच्या थरातच कोंडून, वरच्या थरांना फक्त ही शांत देवघेव दिसावी, हे या व्यवस्थेचे मर्म होते.

हॉलंडात ही सिद्धता चालली होती त्याच वर्षांत अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रसंस्थेची प्रयोगशाळा चंद्रावर जाणाऱ्या यानासाठी संगणक बनवीत होती. आजच्या मानाने तो केवढा? लिहिता-पुसता येणाऱ्या स्मृतीचे २,०४८ शब्द, आणि तारा ओवून कायम केलेल्या स्मृतीचे ३६,८६४ शब्द. एवढ्यात यानाची दिशा, वेग, इंजिनाचा जोर, अंतराळवीरांपुढचे आकडे, सारे काही एकाच वेळी सांभाळावयाचे. हॅल लॅनिंग यांनी आखलेल्या त्या व्यवस्थेत दोन भाग होते. एक कार्यवाह, तो कामांना महत्त्वाच्या क्रमाने पुढे सोडी. दुसऱ्याचे नाव प्रतीक्षायादी. आणि भारतात हा शब्द ऐकताच आगगाडीचे तिकीट आठवते, तसा हिचा प्रकार निराशेचा नव्हता. 'इतक्या शतांश सेकंदांनी अमुक पत्त्यावरच्या आज्ञा चालवाव्यात' एवढे या यादीत नोंदवून कोणतेही काम बाजूला होई, आणि वेळ भरली की घड्याळाचा व्यत्यय येऊन त्या पत्त्यावर हाक जाई. आज कोणत्याही संगणकभाषेत वेळ लावून ठेवलेला जो कॉलबॅक लिहितात, तो याहून तत्त्वतः निराळा नाही. नियम एकच: हाकेला ओ देणाऱ्याने काही सहस्रांश सेकंदांत आपले काम उरकून बाजूला व्हावे; लांबचे काम असेल तर ते कार्यवाहाकडे सोपवावे. कारण त्याने रेंगाळावयाचे ठरविले तर बाकी सगळ्यांच्या हाका खोळंबतात.

२० जुलै १९६९ रोजी ईगल हे यान चंद्राकडे उतरू लागले. उतरण्याच्या गणिताचे मुख्य काम दर दोन सेकंदांनी नव्याने सुरू होई आणि पुढची हाक येण्यापूर्वी संपे. त्या दिवशी मात्र मातृयानाशी पुन्हा गाठ घालण्यासाठी असलेल्या रडारचा खटका अशा स्थितीत होता की, दोन विद्युत्पुरवठ्यांचा ताल न जुळल्यामुळे ते रडार संगणकाला विनाकारण खुणा पाठवू लागले. सेकंदाला १२,८०० पर्यंत. प्रत्येक खूण संगणकाचा एक क्षण खाई. क्षण अत्यंत लहान, परंतु सगळे मिळून यंत्राचा सुमारे १३ ते १५ टक्के वेळ असा गेला. तेवढी सवड यंत्रापाशी नव्हती. त्यात ऑल्ड्रिन यांनी उंचीच्या मापातील फरक पाहण्यासाठी एक आकडा पडद्यावर मागविला. दोन सेकंदांचे काम दोन सेकंदांत संपेना. ते चालू असतानाच त्याची पुढची हाक आली, आणि तीही संपण्यापूर्वी त्यापुढची. प्रत्येक कामाला लागणाऱ्या स्मृतीच्या मोजक्या जागा भरून गेल्या, आणि पडद्यावर १२०२ हा धोक्याचा आकडा झळकला.

पृथ्वीवर ह्यूस्टन येथे निर्णय देणारे स्टीव्ह बेल्स २६ वर्षांचे होते, आणि पाठीमागच्या खोलीतून त्यांना साह्य करणारे जॅक गार्मन २४ वर्षांचे. दोनच आठवड्यांपूर्वी एका सरावात अशाच धाटणीचा आकडा आला असता बेल्स यांनी उड्डाण सोडून देण्याचा हुकूम दिला होता, आणि तो चुकीचा ठरला होता. त्यानंतर वरिष्ठ जीन क्रान्झ यांच्या आज्ञेने प्रत्येक धोक्याच्या आकड्याचा अभ्यास झाला, आणि गार्मन यांनी हाताने लिहिलेली त्यांची यादी आपल्या मेजावरच्या पारदर्शक तक्त्याखाली ठेविली. ती यादी त्या दिवशी उपयोगी पडली. हा आकडा वारंवार येत नसेल आणि बाकी सारे ठीक असेल, तर उतरणे चालू ठेवावे, असे तिच्यात लिहिले होते.

याचे कारण संगणकाच्या व्यवस्थेतच होते. जागा संपली की तो गोंधळून जागच्या जागी ठप्प होत नसे. हाती असलेली सारी कामे तो क्षणात टाकून देई, आणि जी आवश्यक म्हणून आधीच नोंदविलेली असत तेवढीच, शेवटच्या सुरक्षित टप्प्यापासून, पुन्हा सुरू करी. इंजिन आणि दिशा चालू राही. पडद्यावरचे आकडे तेवढे काही काळ गप्प होत. उतरताना १२०२ चारदा आणि १२०१ एकदा असे पाच वेळा हे घडले, आणि पाचही वेळा संगणक स्वतःला सावरून पुढे गेला. नील आर्मस्ट्राँग यांच्या कौशल्याची वाहवा जगभर झाली आणि ती योग्यच होती. पण काही कामे वेळीच सोडून देण्याचे शहाणपण ज्यांनी त्या यंत्रात घातले, त्यांची नावे मात्र त्या दिवसांत फार थोड्यांना ठाऊक होती.

सर्वच ठिकाणी असा विचार झाला नाही. थेराक-२५ हे कर्करोगावर किरणोपचार करणारे यंत्र कॅनडातील एईसीएल या कंपनीने बनविले होते. ते इलेक्ट्रॉनांचा सौम्य झोतही देई, आणि क्ष-किरणांसाठी लागणारा प्रखर झोतही. प्रखर झोताच्या आड धातूचा अडसर येणे आवश्यक असे. तंत्रज्ञ बाई पडद्यावर रोग्याच्या उपचाराची माहिती टाइप करीत. ते टिपून घेणारी आज्ञावली आणि यंत्र जुळविणारी आज्ञावली या दोन्ही एकाच वेळी चालत, आणि एकमेकींना स्मृतीतल्या खुणांनी कळवीत. मार्च १९८६ मध्ये टेक्सासातील टायलर गावच्या रुग्णालयात तंत्रज्ञ बाईंनी इलेक्ट्रॉनांच्या जागी चुकून क्ष-किरणांचे अक्षर दाबले, चूक ध्यानात येताच वर जाऊन ते दुरुस्त केले, आणि उपचार सुरू केला. त्यांच्या सरावलेल्या बोटांनी हे सारे काही क्षणांत झाले. परंतु यंत्रातील चुंबके जुळावयास सुमारे ८ सेकंद लागत, आणि तेवढ्या अवधीत झालेली दुरुस्ती जुळविणाऱ्या आज्ञावलीला कळतच नसे. पडद्यावर दुरुस्त अक्षर दिसत होते. यंत्राची मांडणी मात्र अर्धी एका उपचाराची आणि अर्धी दुसऱ्याची झाली. रोग्याला ठरल्या मात्रेच्या शंभरपटीच्या आसपास किरण लागले, आणि पडद्यावर 'बिघाड ५४' एवढेच उमटले.

कंपनीच्या लोकांना असे काही घडूच शकत नाही असे वाटत होते. यंत्र पुन्हा पुन्हा तपासूनही दोष दिसेना. दिसणार कसा? तपासणारा हळूहळू टाइप करीत होता. एप्रिलमध्ये त्याच रुग्णालयात दुसऱ्या रोग्यावर तोच प्रसंग आला, तेव्हा तेथील भौतिकतज्ज्ञ आणि त्या तंत्रज्ञ बाई यंत्रासमोर बसल्या, आणि त्या दिवशीच्या हालचाली त्याच वेगाने पुन्हा पुन्हा करून त्यांनी 'बिघाड ५४' हवा तेव्हा आणून दाखविला. डायक्स्ट्रा यांना १९५७ साली ज्याची धास्ती वाटली होती, ती चूक अशी एका रुग्णालयात, बोटांच्या वेगाने पकडली गेली. जून १९८५ ते जानेवारी १९८७ या काळात या यंत्राचे सहा अपघात झाले आणि निदान तीन माणसे दगावली. शेवटच्या अपघाताचे कारण तर आणखी निराळे निघाले: एक खूण दर वेळी एकाने वाढत जाई आणि २५६ व्या वेळी शून्य होई, त्याच क्षणी कळ दाबली गेली तर तपासणीच टळे. नॅन्सी लेव्हसन आणि क्लार्क टर्नर यांनी १९९३ साली या सर्व प्रकरणाची साद्यंत चिकित्सा प्रसिद्ध केली. तिच्यातली एक गोष्ट विशेष बोचणारी आहे. याआधीच्या थेराक-२० यंत्राच्या आज्ञावलीतही तोच दोष होता. पण त्यात यांत्रिक अडसर स्वतंत्र होते, म्हणून तेथे केवळ फ्यूज उडे. नव्या यंत्रात आज्ञावलीवर भरवसा ठेवून ते अडसर काढून टाकण्यात आले होते.

दरम्यान हाक आणि ओ यांची ही रीत यंत्राच्या तळघरातून दिवाणखान्यात येत होती. कॅलिफोर्नियातील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधनकेंद्रात पडद्यावरच्या खिडक्या, चित्रे आणि माऊस यांवर काम चालले होते. तेथे पाहुणे म्हणून आलेले नॉर्वेचे ट्रिग्वे रेन्सकाउग यांनी १९७९ साली अशी मांडणी सुचविली की, माहिती एकीकडे असावी आणि तिचे दर्शन दुसरीकडे. माहिती बदलली म्हणजे तिने आपल्यावर अवलंबून असणाऱ्यांना कळवावे. श्रोत्यांची आजची कल्पना येथे बरीचशी स्पष्ट झाली. १९८४ साली बाजारात आलेल्या मॅकिन्टॉशची आज्ञावली म्हणजे एक फिरते चक्रच असे: पुढची घटना आण, ती कोणाची ते पाहा, त्याला दे, आणि परत पुढची घटना आण. तोवर आज्ञावली माणसाला प्रश्न विचारी आणि माणूस उत्तर देई. आता माणूस वाटेल तेथे कळ दाबी आणि आज्ञावलीने तयार असावयाचे. झेरॉक्सच्याच रिचर्ड स्वीट यांनी १९८५ साली या उलटापालटीला हॉलिवूडचा नियम म्हटले. नट्याची परीक्षा झाली की त्याला तेथे सांगतात: तुम्ही बोलावू नका, आम्हीच तुम्हाला बोलावू.

१९९५ च्या मे महिन्यात नेटस्केप कंपनीचे ब्रेंडन आइक यांनी दहा दिवसांत एक भाषा तयार केली. तीच पुढे जावास्क्रिप्ट या नावाने प्रसिद्ध झाली. जालपृष्ठावरचे बटण दाबले म्हणजे अमुक करावे, एवढे सामान्य माणसालाही लिहिता यावे, हा हेतू. तिचा एक नियम दिसतो तितका क्षुल्लक नाही: एका वेळी एकच कॉलबॅक चालावयाचा, आणि तो पुरा होईपर्यंत दुसऱ्याला मध्ये शिरकाव नाही. कारकुनाला बेरीज संपल्याशिवाय उठवावयाचेच नाही, अशी ही तडजोड होती. हातचा टिपून ठेवण्याची कटकट एका फटक्यात गेली. त्या बदल्यात कोणी लांबलचक बेरीज घेऊन बसला तर सारा पडदा गोठून राही. नोव्हेंबर २००० मध्ये श्रोता जोडण्याची रीत सर्व ब्राउझरांसाठी प्रमाणित झाली, आणि एका बटणाला एकाहून अधिक श्रोते सुखाने नांदू लागले.

पडद्यामागच्या मोठ्या संगणकांवर याच प्रश्नाने दोन पक्ष पाडले. प्रत्येक गिऱ्हाइकामागे एक स्वतंत्र धागा ठेवावा, असे एका पक्षाचे म्हणणे. एकच धागा ठेवून सगळ्यांच्या हाका क्रमाने घ्याव्यात, असे दुसऱ्याचे. १९९६ साली जॉन आउस्टरहाउट यांनी धागे ही बहुतेक कामांसाठी वाईट कल्पना आहे असे व्याख्यान दिले. १९९९ साली डॅन केगेल यांनी एकाच यंत्राने दहा हजार गिऱ्हाइके एकदम कशी सांभाळावी हा प्रश्न मांडला. २००३ साली कॅलिफोर्निया विद्यापीठातील काही जणांनी घटना हीच वाईट कल्पना आहे असे उत्तर दिले. मौज अशी की, ह्यू लॉअर आणि रॉजर नीडहॅम यांनी १९७८ सालीच दाखवून दिले होते की, या दोन रीती एकमेकींची प्रतिबिंबे आहेत. एकीत लिहिलेले दुसरीत उतरविता येते. भांडणे मात्र थांबली नाहीत. २००९ च्या नोव्हेंबरात रायन डाल यांनी बर्लिन येथे नोड ही व्यवस्था लोकांपुढे ठेविली आणि उलट हाकांची ब्राउझरातली रीत मोठ्या संगणकांवर नेली, तेव्हा दुसऱ्या पक्षाला मोठेच बळ आले.

परंतु त्याबरोबर एक जुनी तक्रार सर्वांच्या तोंडी झाली. घरातल्या मुलाला 'वाण्याकडे जा, तो साखर देईल, ती घेऊन आलास की दूधवाल्याकडे जा' असे एका दमात सांगता येते. कॉलबॅकच्या रीतीत हेच असे सांगावे लागते: 'वाण्याला सांगून ये की साखर तयार झाली की हाक मार; ती हाक आली की दूधवाल्याला सांगून ये की दूध आले की हाक मार; ती हाक आली की...' आणि मध्ये वाणी म्हणाला साखर नाही, तर तो नकार कोणाकडे जावयाचा? हाक मारणारा तर केव्हाच निघून गेलेला असतो. पानावर या आज्ञा एकीच्या पोटात दुसरी अशा उजवीकडे सरकत जातात, आणि लिहिणाऱ्यालाही आठवड्याने त्या वाचता येत नाहीत. यावरचा उपाय जुनाच होता. बार्बरा लिस्कोव्ह आणि ल्यूबा श्रीरा यांनी १९८८ साली मांडलेल्या रीतीत काम सांगताच उत्तराऐवजी एक 'वचन' हाती येते. हुंडीसारखे ते पुढे देता येते, आणि वटले वा बुडाले तरी दोन्ही गोष्टी त्याच्यावरच कळतात. जावास्क्रिप्टने ते २०१५ साली स्वीकारले. सी-शार्प या भाषेने २०१२ सालीच आणखी पुढे जाऊन 'येथे थांब' एवढा एक शब्द लिहिण्याची सोय दिली, ती २०१७ साली जावास्क्रिप्टमध्येही आली. लिहिताना सारे एका ओळीत, वाण्याकडून दूधवाल्याकडे. चालताना मात्र प्रत्येक 'थांब' पाशी आतून उलट हाकच.

आणि त्या प्रत्येक 'थांब' पाशी कारकून पुन्हा उठतो. तो परत येईपर्यंत वहीतले आकडे दुसऱ्या कोणी बदलले असतील, हे त्याने धरून चालले पाहिजे. तिकिटाचे पैसे भरण्याचे बटण अधीर माणूस दोनदा दाबतो. पहिली हाक बँकेच्या उत्तरासाठी थांबलेली असते, तोच दुसरी येते, आणि आसन अजून रिकामेच दिसत असल्यामुळे पैसे दोनदा जातात. म्हणूनच पहिल्या स्पर्शाबरोबर ते बटण फिके पडते आणि दाबले जाईनासे होते. आणि पडद्यामागचा संगणकही त्या व्यवहाराचा क्रमांक आधी आला होता की काय हे पाहिल्याशिवाय पैशाला हात लावीत नाही.